‘पूर्ण’ की ‘परिपूर्ण’? निमित्त ३,३५,५०,३३६ या संख्येचे

प्रश्न : ३,३५,५०,३३६ ही ‘पूर्ण संख्या’ असल्याचे एका लेखात मोठ्या कौतुकाने सांगितले आहे. शून्यापासून पुढच्या १, २, ३ अशा सगळ्याच संख्या पूर्ण असतील, तर हिचे वेगळेपण कशात? आणि ‘पूर्ण वर्ग’ या संज्ञेतला ‘पूर्ण’ यांपैकी कोणता?

उत्तर : तेथे ‘परिपूर्ण’ हवे होते. ‘पूर्ण संख्या’ आणि ‘पूर्णांक’ या दोन्ही संज्ञांत ‘पूर्ण’ म्हणजे अपूर्णांकाचा भाग नसलेली, एवढेच अभिप्रेत आहे. पूर्णांकांत ऋण संख्याही येतात, हा दोहोंतला फरक. ‘पूर्ण वर्ग’ म्हणजे जिचे वर्गमूळ पूर्णांकी येते ती संख्या. ‘परिपूर्ण’चा निकष मात्र निराळाच आहे : संख्येच्या स्वतःहून लहान अशा सर्व विभाजकांची बेरीज नेमकी त्या संख्येइतकी भरली पाहिजे. ‘पूर्ण’चा मूळ अर्थ ‘भरलेले’ असल्याने हा शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण ८ ची बेरीज (१+२+४) एकाने उणी पडते, १२ ची १६ होऊन वर जाते, आणि ६ ची (१+२+३) काठोकाठ भरते. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्यानंतरची परिपूर्ण संख्या थेट ही आठ अंकी.

शंका : हिला अवयव किती? मला दोन सांगण्यात आले, दुसरीकडे २६ वाचले.

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, घोटाळा ‘अवयव’ या शब्दाचा आहे. मूळ अवयव पाडले, तर २ हा बारा वेळा आणि ८१९१ हा एकदा येतो. म्हणून वेगवेगळे मूळ अवयव दोन, पुनरावृत्तीसह मोजल्यास तेरा, आणि संख्येला निःशेष भागणाऱ्या सर्व संख्या १३ × २, म्हणजे २६. या शेवटच्या अर्थी ‘विभाजक’च लिहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्या २६ विभाजकांची बेरीज ८१९१ × ८१९२ = ६,७१,००,६७२ होते; तीतून मूळ संख्या वजा केली की तीच संख्या पुन्हा हाती येते. (जाता जाता : हिच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे तीही परिपूर्णच. अर्थात हा योगायोग दशमान लेखनाचा आहे. द्विमान पद्धतीत हीच संख्या तेरा एक आणि त्यांपुढे बारा शून्ये अशी दिसते.)

शंका : मग एखादी पूर्ण वर्ग संख्या परिपूर्ण असू शकेल का?

उत्तर : नाही. पूर्ण वर्गाच्या, तो स्वतः धरून, सर्व विभाजकांची बेरीज नेहमी विषम येते, तर परिपूर्ण संख्येत ती संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम असावी लागते.