प्रतिसाद: फुकट असला तरी वेळ आमचाच

'गेम फुकट आहे, मग अपग्रेडचं साहित्य कमी मिळतं म्हणून कुरकुर कशाला?' असं एकाने लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. कष्टाने मिळवायला कुणाचीच ना नाही. राग येतो तो ते साहित्य मिळवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या साठ्याला घातलेल्या मर्यादेचा. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये दर 8 मिनिटांना एक रेझिन (म्हणजे ही ऊर्जा) भरतं आणि मर्यादा 200, म्हणजे 26 तास 40 मिनिटांत साठा भरला, पुढे काहीच साठत नाही. (ही मर्यादा आधी 160 होती, 2024 मध्ये वाढवली.) आपल्या सोलापुरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं, टाकी लहान असेल तर किती साठवणार? तसंच हे. एमआयडीसीत शिफ्ट करणारा पोरगा रविवारीच निवांत खेळणार, त्याने काय करायचं? रोज हजेरी लावणाऱ्यालाच पुढे जाता येत असेल, तर त्यात कौशल्य कुठे आलं?

आणि उपाय नाही असंही नाही. त्याच कंपनीच्या होंकाई स्टार रेलमध्ये मर्यादेवरची ऊर्जा सावकाश का होईना, राखीव म्हणून साठत राहते. एवढी सोय प्रत्येक गेममध्ये हवीच. गेममधल्या दुकानातली पैसे देऊन घ्यायची पॅक्स राहू द्या, ज्याला घ्यायची तो घेईल.