मदत हवी आहे: डॉकरमधल्या पोस्टग्रेसचा बॅकअप

नमस्कार मंडळी, सांगली मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी बघतो, डेटाबेस पोस्टग्रेस, डॉकर कंटेनरमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळा ठेवलेला डबाच म्हणा). चालू डेटाबेसचं व्हॉल्यूम फोल्डर (जिथे त्याच्या डेटा फाईली असतात) नुसतं कॉपी केलं तर रिस्टोअरला दगा देऊ शकतं, म्हणून रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) डॉकर एक्झेक लावून, म्हणजे कंटेनरच्या आत कमांड चालवून, पीजी डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप काढायची कमांड) घ्यायचा विचार आहे. पण त्यात युजर-रोल येत नाहीत, त्यासाठी पीजी डंपऑल (रोलसकट सगळं काढणारी कमांड) वेगळा लावता का? आणि डंप मध्येच तुटला तर कळणार कसं, पुढे जीझिपला पाईप केलं (डंप थेट फाईल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोडला) की एरर गिळली जाते. फाईल सांगलीबाहेर पण ठेवायचीय, २०१९ चा महापूर सगळ्यांनी बघितलाय आणि यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) आहेत हो. कोणाकडे रिस्टोअर करून बघितलेली स्क्रिप्ट असेल तर टाका प्लीज.