निक्सचे गार्ड: करार चुकले की निकाल?

तिरपा_पास
एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सच्या गार्डचा, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणाऱ्यांचा, विषय निघाला की तीच यादी ऐकायला मिळते. जेरेमी लिनला सोडलं ही घोडचूक, केम्बा वॉकरला घेतलं ही त्याहून मोठी, आणि जेलन ब्रन्सन म्हणजे मास्टरस्ट्रोक. मला ही यादीच मान्य नाही. करार सही झाला त्या दिवशी काय माहीत होतं, एवढंच बघायला हवं.

केम्बा ब्रॉन्क्सचा पोरगा, चार वेळा ऑल-स्टार (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड). ऑगस्ट 2021 मध्ये ओक्लाहोमा संघाने पैसे देऊन करारातून मोकळा केला आणि निक्सला दोन वर्षांसाठी साधारण 1.8 कोटी डॉलरमध्ये मिळाला. त्या भावात कोण नाही म्हणेल? गुडघ्याने दगा दिला आणि 37 सामन्यांत कारभार आटोपला, पण करार बरोबरच होता. ब्रन्सनचं उलट. 2022 मध्ये 4 वर्षांचे 10.4 कोटी, तेही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) 33 व्या क्रमांकावर निवडलेल्या आणि एकदाही ऑल-स्टार न झालेल्या खेळाडूला. तेव्हा 'जास्त दिले' म्हणणारे लोक मूर्ख नव्हते.

हडसनकाठ
साफ असहमत. गुडघ्याची बातमी काय न्यूयॉर्कला आल्यावर फुटली? बोस्टनमध्येच लागोपाठ दोन दिवस सामने असले की तो एकातच उतरायचा. बोस्टनने त्याला घालवताना वर पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याचा हक्क दिला, आणि ओक्लाहोमाने तर घरी बसायचे पैसे मोजले. आधीचे दोन मालक पदरमोड करून माल खपवताहेत आणि तुम्ही म्हणता माहीत नव्हतं! त्यात निक्सचे तेव्हाचे कोच थिबोडो. बचावात कच्चा गार्ड त्यांना चालणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. नोव्हेंबरातच केम्बा रोटेशनबाहेर, म्हणजे नेहमी खेळवल्या जाणाऱ्यांतून बाहेर गेला.

तिरपा_पास
त्याच केम्बाने ख्रिसमसला अटलांटाविरुद्ध ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन अंकी) केला होता, तेही सांगा की.

हडसनकाठ
एका सणाचा फराळ झाला तो. पुढे त्याला डेट्रॉईटला पाठवताना ड्राफ्टमध्ये नुकताच निवडला गेलेल्या जेलन ड्यूरनचे हक्क सोबत द्यावे लागले. बदल्यात 2025 चा पहिल्या फेरीचा पिक आला, मान्य, पण ड्यूरन गेला तो गेलाच.

आजोळ_पुणे
दोघेही ब्रन्सनबद्दल अर्धंच बोलताय. बाहेरच्यांसाठी तो जुगार असेल, लिऑन रोझसाठी नव्हता. रोझ संघाचे अध्यक्ष होण्याआधी एजंट होते, ब्रन्सन घराण्याशी त्यांचा जुना घरोबा. वडील रिक यांना त्याच उन्हाळ्यात सहायक कोच म्हणून आणलं. वेळेआधी बोलणी केली म्हणून एनबीएने दुसऱ्या फेरीचा एक पिकही काढून घेतला! इतकी आतली माहिती असताना 'त्या दिवशी काय माहीत होतं' हा निकष लावायचा तर कुणाला? खरा दोष डल्लासचा, ब्रन्सनच्या आधीच्या संघाचा. साडेपाच कोटींच्या आसपास चार वर्षं बांधून ठेवता आला असता, ते टाळत राहिले. मग प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद मालिका) संघाचा तेव्हाचा मुख्य खेळाडू डॉन्चिच बाहेर असताना त्याने युटाला 41 गुण ठोकले आणि भाव हाताबाहेर गेला.

तिरपा_पास
हे पटतं. पण मग लिनचं काय? ह्यूस्टनने 2012 मध्ये 3 वर्षांचे 2.5 कोटी देऊ केले, त्यातले दीड कोटी शेवटच्या वर्षी. तेवढेच देऊन निक्सला त्याला ठेवता आलं असतं, पण त्यांनी बरोबरी केली नाही. रेमंड फेल्टन आणि जेसन किड आणले आणि 54 सामने जिंकले. प्लेऑफची मालिका 2000 नंतर प्रथमच जिंकली. दोन वर्षांनी ह्यूस्टनने लिनला लेकर्सकडे धाडताना पहिल्या फेरीचा पिक दिला. तरी शिव्या निक्सलाच!

हडसनकाठ
आत्ता मात्र निकालच पुढे करताय! पुढच्याच हंगामात फेल्टन होता आणि संघ 37 विजयांवर आला. तेही धरा.

खोपोली_लोकल
एव्हान फूर्निएला सगळेच विसरलात. 2021 मध्येच आला, चार वर्षं, 7.8 कोटींपर्यंत. पहिल्या हंगामात 241 तीन-गुणी फेकी, तेव्हाचा संघाचा विक्रम. दुसऱ्या हंगामात बाकावर. हा करार सुरुवातीला चांगला होता आणि मग वाईट झाला का?

आजोळ_पुणे
पहिल्या दिवसापासून महाग होता. विक्रमाच्या वर्षीही निक्स 37 विजय, 45 पराभवांवर होते आणि प्लेऑफला मुकले. त्याच उन्हाळ्यात डेरिक रोझला 3 वर्षांचे 4.3 कोटी दिले होते, त्यावर कुणी बोलतच नाही.