ओटीजी घ्यायचा आहे: पाच माणसांच्या घराला किती लिटरचा पुरेल?

नमस्कार मंडळी,

ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल असा ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन, घ्यायचं पक्कं झालंय, अडलंय ते मापावर. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "घरात माणसं किती?" पाच म्हटलं की एक जण म्हणतो चाळीस लिटरचा घ्या, पुढच्या दुकानात तेवढ्याच पाच जणांना अठ्ठावीसचा पुरतो, आणि तिसरा म्हणतो की केकच करायचा असेल तर एकोणीसचाही चालेल. माणसं तीच, दुकान बदललं की लिटर बदलतात. म्हणून वापरणाऱ्यांनाच विचारावं म्हटलं.

घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. रोजचं काम म्हणजे संध्याकाळचे चीज टोस्ट, कधी पनीर टिक्का, कधी भाजलेल्या भाज्या. महिन्यातून एखादा केक, बहुतेक अर्ध्या किलोचा, वाढदिवसाला एक किलोचा. सासूबाईंना विकतची बिस्किटं कडक लागतात, त्यांच्यासाठी नाचणीची खुसखुशीत बिस्किटं घरी करायची आहेत.

आणि माझी स्वतःची हौस सांगायची तर नानकटाई आणि लादीपाव. माहेरी दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन आम्ही बेकरीत जायचो. तिथे ओळीने लोक आपापलं सामान घेऊन बसलेले असायचे. बेकरीवाला पीठ मळून द्यायचा, आम्ही तिथेच बसून गोळे वळायचो आणि गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी यायची. ती बेकरी आता बंद झाली. तशी नानकटाई मुलांना घरी करून घालायची मनापासून इच्छा आहे, पण आठ-आठ नगांच्या खेपा काढत दिवस घालवायचा नाही.

जागेचं म्हणाल तर ओट्याचा एक कोपरा आहे, ६८ सेंटिमीटर रुंद. ओटा नेहमीसारखा दोन फूट खोल. एका बाजूला भिंत, वर भांड्यांचं कपाट. जवळचा सॉकेट मिक्सरचा, बारीक पिनांचा.

२८ घेऊ की ४०? आणि मोठा घेतला तर रोजच्या चार टोस्टसाठी तो लावणं परवडतं का?

प्रतिसाद १

२८. चार-पाच माणसांना हेच माप. आमच्याकडे आहे, आठ इंची केक छान होतो. जास्त विचार करू नका.

प्रतिसाद २

ताई, माणसं मोजून ओव्हन घेऊ नका, भांडी मोजून घ्या. पाच जणांच्या घरात अर्ध्या किलोचा केक लागतो आणि दोघांच्या घरात आठवड्याचा ब्रेड भाजला जातो. दुकानदाराचा प्रश्नच चुकीचा आहे.

लिटर म्हणजे आतल्या पोकळीची रुंदी, खोली आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजाराने भागायचं, एवढंच. आता दोन ओव्हन डोळ्यांपुढे आणा. एक आतून ४० बाय ३०, उंची २०. दुसरा ३० बाय ३०, उंची २७. खोक्यावर दोघांच्याही चोवीस लिटर लिहिलेलं असेल. पहिल्यात सहा इंचाची दोन भांडी शेजारीशेजारी बसतील, दुसऱ्यात एकच. नानकटाईला उंचीचा काही उपयोग नाही, तिला पसरट ट्रे हवा. उंची लागते ती ब्रेडच्या लोफला आणि आख्ख्या कोंबडीला.

तुमच्या नानकटाईचाच हिशोब करू. गोळा थापल्यावर चार सेंटिमीटरचा, भाजून पसरतो तो पाच-साडेपाचचा. एकमेकींना चिकटू नयेत म्हणून एकीला सात सेंटिमीटरचा चौकोन धरा. २५ बाय २२ च्या ट्रेमध्ये नऊ बसतात. २८ बाय २८ मध्ये सोळा. ३८ बाय २८ मध्ये वीस. पाव किलो मैद्याच्या साधारण पंचवीस होतात, म्हणजे मोठ्या ट्रेवर दोन खेपांत काम झालं, छोट्यावर तीन खेपा. दोन ट्रे वरखाली लावायचे असतील तर आत पंखा असलेला, म्हणजे कन्व्हेक्शनचा ओव्हन घ्या आणि अर्ध्या वेळेला ट्रेंची अदलाबदल करा. पंखा नसेल तर खालचा ट्रे तळातून लाल होतो आणि वरचा माथ्यावर.

केकला भांड्याच्या चारी बाजूंनी निदान दोन-अडीच सेंटिमीटर मोकळे हवेत. गरम हवा फिरायला वाट मिळाली नाही की कडा सुकतात आणि मधोमध पीठ ओलं राहतं. आठ इंची भांडं वीस सेंटिमीटरचं, म्हणजे आतली खोली पंचवीसपेक्षा कमी नकोच. आणि केक फुगून वर आला की त्याचा माथा आणि वरची तापणारी सळी यांत चार बोटांचं अंतर राहायला हवं. लहान ओव्हनांचं दुखणं इथेच आहे. दहा-सोळा लिटरच्या पोकळीत सळ्या पदार्थाच्या इतक्या जवळ असतात की वरून करपतं आणि सुरी घातली की आत कच्चं. जाळी सगळ्यांत खाली लावून, वरून फॉइल झाकून निभावता येतं, पण दर केकला ती कसरत कशाला?

दुकानात जाताना टेप आणि घरातलं सगळ्यांत मोठं केकचं भांडं पिशवीत घालून न्या. दार उघडायला लावा, भांडं आत ठेवा, दार लावून पाहा. कोणी काही म्हणत नाही. घरी वर्तमानपत्राचा कागद ट्रेच्या मापाचा कापून त्यावर वाट्या मांडल्या तरी सगळं उमजतं.

धागाकर्ती

प्रतिसाद २, मनापासून आभार! लगेच कागद कापले. २८ बाय २८ वर सोळा वाट्या मांडल्यावर लादीपावही मांडून पाहिले. अर्धा किलो मैद्याचे बारा पाव धरले, तीन ओळींत चार-चार, तर लादी साधारण २६ बाय २० ची होतेय. म्हणजे पावासाठी मधलं माप पुरतं. नानकटाईसाठी मात्र रुंद ट्रे बरा हे आता पटलं. सॉकेटबद्दल कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

सॉकेटचं मी सांगतो, कारण लोक हे सगळ्यांत शेवटी बघतात आणि खरं तर ते सगळ्यांत आधी बघायला हवं.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. बारीक पिनांचा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे फार तर १३८० वॅटपर्यंत. सोळा-एकोणीस लिटरचे ओव्हन साधारण १२०० ते १४०० वॅटचे असतात, पंचवीस-तीसचे १५०० ते १६०० च्या आसपास, चाळीसच्या पुढचे २००० च्या घरात. २००० वॅटला जवळपास पावणेनऊ अँपिअर लागतात. याचा अर्थ तुम्ही २८ घ्या की ४०, तुमच्या मिक्सरच्या सॉकेटवर दोन्ही चालवायचे नाहीत. गीझरला असतो तसा जाड पिनांचा, १६ अँपिअरचा सॉकेट हवा, मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढलेला, अर्थिंग नीट असलेला. मधे अडॅप्टर घालून जाड पिना बारीक सॉकेटला जोडू नका आणि एक्स्टेन्शन बोर्डही नको. टोस्टरचं काम दोन मिनिटांचं असतं, ओव्हन पाऊण-पाऊण तास चालतो, तेवढ्या वेळात कमी ताकदीचा सॉकेट तापून पिवळा पडतो, मग काळा.

इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, ओव्हन नंतर आणा.

बिलाची काळजी फार करू नका. १५०० वॅटचा ओव्हन तासभर सलग तापला तर दीड युनिट. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधे मधे सळ्या बंद करतो, त्यामुळे त्याहून कमीच.

प्रतिसाद ४

मी गोव्याची, त्यामुळे ओव्हन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी बेबिंका येतो. नारळाचं दूध, अंड्यांचे बलक, साखर, थोडा मैदा, आणि दर थराला तूप. एक थर ओतायचा, वरून लाल होईपर्यंत भाजायचा, मग त्यावर दुसरा. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून वरून आच द्यायचे. ओव्हनमध्ये हे करायचं तर फक्त वरची सळी चालू ठेवता आली पाहिजे. तुमचे चीज टोस्टही त्यावरच होतात. म्हणून माप ठरवताना दोन गोष्टी अजून बघा: वरची आणि खालची सळी वेगवेगळी लावता येते का, आणि जाळी अडकवायला खाचा किती आहेत. तीन-चार उंच्यांवर जाळी लावता आली तर मोठा ओव्हनही टोस्टला अडत नाही, जाळी वर घेतली की झालं. दोनच खाचा असतील तर कितीही लिटरचा घेतला तरी हात बांधल्यासारखे होतात.

प्रतिसाद ५

न्यू जर्सीहून. इथे लिटर फारसं कोणी बोलत नाही. चार स्लाइसचा, सहा स्लाइसचा, किंवा बारा इंची पिझ्झा बसतो का, तेरा बाय नऊ इंचांचं भांडं बसतं का, असं विचारतात. ही पद्धत मला जास्त कामाची वाटते, कारण त्यात तळाचं माप कळतं. तेरा बाय नऊ म्हणजे ३३ बाय २३ सेंटिमीटर. भांड्याचे कान धरून याला जागा असलेला ओव्हन मिळाला तर पाच जणांच्या घरात काही अडू नये.

एक कळकळीची सूचना, कारण आमच्या ओळखीत दरवर्षी कोणीतरी विचारतं: इकडून कोणी आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. इथली उपकरणं १२० व्होल्टची, तुमच्याकडच्या सॉकेटला लावली की जळतील. ओव्हन पेलेल एवढा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो जड, महाग आणि ओट्यावर आणखी जागा खाणारा.

प्रतिसाद ६

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण रोजच्या टोस्टचं ओझं ओव्हनच्या मापावर टाकू नये असं माझं ठाम मत आहे. चार स्लाइससाठी चाळीस लिटर तापवायचे म्हणजे आधी दहा मिनिटं तो नुसता गरम होणार. शाळेतून आलेलं मूल तेवढं थांबत नाही. साधे टोस्ट तव्यावर किंवा उभ्या टोस्टरमध्ये करा, चीज टोस्टला तवा आणि झाकण पुरतं. ते काम बाजूला काढलं की ओव्हन फक्त भाजण्यासाठी उरतो आणि मग ज्यासाठी तुम्ही तो खरा घेताय, त्या नानकटाईच्या मापाचा घेता येतो. दिवाळीत, नाताळात, मुलांच्या वाढदिवसाला रुंद ट्रेची किंमत कळते. माझं मत ३५ ते ४० ला.

प्रतिसाद १

प्रतिसाद ६, चाळीसचा ओट्यावर मावेल का हेही सांगा. बाहेरून तो पन्नास सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. दोन्ही बाजूंना दहा-दहा सोडले तर सत्तर झाले, यांचा कोपरा ६८ चा.

प्रतिसाद ६

बरोबर आहे, कोपऱ्याचं माप माझ्या लक्षातून निसटलं होतं. त्यांच्या एका बाजूला भिंत आहे, दुसरी मोकळी असेल तर जमेल. पण वर कपाट आहे, तिथेही निदान दहा सेंटिमीटर हवेत, आणि कपाट प्लायवुडचं असेल तर त्याहून जास्त. दार खाली पडतं तेव्हा ते ओट्याच्या कडेबाहेर येतं. घरात मुलं आहेत, त्या बाजूने ये-जा असेल तर हे नक्की बघा. गरम काचेला कोपर लागायला वेळ लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढं नेमकं कुठल्याच दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

आज सगळं पुन्हा मोजलं. मोकळ्या बाजूला पाण्याचं फिल्टर आहे, ते सरकवता येत नाही, त्यामुळे बाहेरून ४८ च्या वरचा ओव्हन मला बसत नाही. म्हणजे चाळीस बाद, तो ज्यांच्या ओट्यावर बसतो त्यांनी जरूर घ्यावा. कपाटापर्यंत उंची भरपूर आहे, तिथे प्रश्न नाही. टोस्ट तव्यावरच राहतील, प्रतिसाद ६ चं म्हणणं पटलं आणि सासूबाईंनाही पटलं. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, कोपऱ्याजवळ १६ अँपिअरचा सॉकेट आणि मेनपासून वेगळी वायर. त्यानंतरच दुकानात जाणार, आठ इंची भांडं आणि टेप घेऊन.

आता शोधतेय तो तीस-पस्तीस लिटरच्या आसपासचा, उंच नसलेला, पसरट, पंखा असलेला, वरची-खालची सळी वेगळी लावता येणारा. आतला ट्रे निदान ३३ बाय २८ चा हवा. कंपन्या खोक्यावर बाहेरचं माप छापतात, आतलं क्वचितच. तेव्हा ज्यांच्याकडे ३० ते ३५ मधला कुठलाही ओटीजी आहे त्यांनी कृपया तेवढं मोजून इथे टाका: आतली रुंदी, खोली, आणि सगळ्यांत खालच्या खाचेतल्या जाळीपासून वरच्या सळीपर्यंतची उंची. मॉडेलचं नावही लिहा.