एक्सरचे वीरगळ नेमक्या कोणत्या युद्धाचे?

पाटीपेन्सिल: बोरिवलीच्या पश्चिमेकडील एक्सर गावात सुमारे दहा फूट उंचीचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) असून त्यांपैकी काहींवर जहाजांचे युद्ध कोरलेले आहे. देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या लढाईचे ते स्मारक मानले जाते. शिळांवर लेख नसताना हे कशावरून ठरले आणि शिल्प म्हणून त्यांचे वेगळेपण कशात आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दर्यावर्दी: मुख्य आधार हेमाद्रीचा आहे. महादेवाच्या या मंत्र्याने आपल्या ग्रंथातील राजप्रशस्तीत, सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला वडवानल (समुद्राच्या पोटातला अग्नी) सुसह्य वाटला, असे म्हटले आहे. दरबारी अतिशयोक्ती वजा केली तरी पराभूत राजाचा शेवट समुद्रात झाला, एवढे त्यातून उरतेच. एक्सरला जमिनीवरच्या लढाईत हत्ती दिसतात आणि पुढे समुद्रावरची झुंज दिसते, अ. स. आळतेकरांसारख्या इतिहासकारांनी हा क्रम त्या वर्णनाशी जुळवला.

शिल्पाविषयी थोडे सविस्तर लिहितो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी युद्ध किंवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश. घाटमाथ्यावरच्या कित्येक वीरगळांत तळाच्या चौकटीत गाई असतात, कारण वीर गोधन राखताना पडलेला असतो. एक्सरच्या शिल्पकाराने मांडणी तीच ठेवली, पण त्या चौकटींत डोलकाठ्या, उंच नाळ (जहाजाचा पुढचा भाग) आणि वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे बसवली. मध्ययुगीन कोकणातील लढाऊ जहाजांचे असे चित्रण अतिशय दुर्मीळ असल्यामुळे मला हे वीरगळ नौकानयनाच्या इतिहासासाठी ताम्रपटाइतकेच मोलाचे वाटतात.

ओसरी: वरील विवेचन पटण्यासारखे आहे, तरी दुसरे मतही नोंदवायला हवे. माळव्याच्या भोज परमाराने कोकण जिंकल्याचा उल्लेख त्याच्या १०२० मधील ताम्रपटांत येतो आणि काही अभ्यासकांनी हे वीरगळ त्या स्वारीशी जोडले आहेत. मला मात्र यादवांचा पक्ष अधिक सबळ वाटतो, कारण त्या ताम्रपटांत विजयोत्सवाचा निर्देश असला तरी समुद्रावरील लढाईचे वर्णन नाही. आणखी एक मुद्दा असा की, एवढ्या मोठ्या शिळा घडवून उभ्या करणे खर्चाचे काम होते. राजाच बुडाल्यावर ते शिलाहारांकडून होण्यापेक्षा, आपल्या पडलेल्या योद्ध्यांसाठी यादवांनी केले असण्याची शक्यता अधिक आहे.

पाटीपेन्सिल: मनःपूर्वक आभार. आता गाई असलेले वीरगळ आणि एक्सरचे वीरगळ यांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहतो.

ओसरी: अवश्य पाहा. मात्र शेंदूर किंवा ऑइलपेंट न लागलेल्या वीरगळांचीच छायाचित्रे निवडा. रंगाच्या थराखाली वल्ह्यांसारखे बारीक काम बुजून जाते.