मालदीवची जानेवारीतली डाइव्ह ट्रिप: ठेवावी का पुढे ढकलावी?

प्रवाळवेडी (पुणे), २ डिसेंबर २०२१

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय आणि लवकर हवाय. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं मालदीवला लाइव्हअबोर्डवर, म्हणजे बोटीवरच राहून डाइव्ह करायला जाणार आहोत, माले, मग वावू आणि आरी ही प्रवाळबेटं असा रूट आहे. खरं तर हीच ट्रिप मे महिन्यात होती पण १३ मे पासून त्यांनी भारतासकट सगळ्या दक्षिण आशियाचे टुरिस्ट व्हिसा बंद केले तेव्हा बोटवाल्याने तारीख पुढे दिली. निम्मे पैसे तेव्हाच भरलेत, उरलेले डिसेंबरअखेर भरायचेत आणि नेमकं आता हे ओमिक्रॉन आलंय. १५ डिसेंबरपासून नेहमीची इंटरनॅशनल विमानं सुरू होणार म्हणून आम्ही खूश होतो, काल तेही पुढे ढकललं. मग आमची मुंबई-माले फ्लाइट तरी उडणार का?

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. नवऱ्याला एप्रिलमध्ये कोविड झाला होता, ऍडमिट करून ऑक्सिजन लावावा लागला. आता तो सिंहगड न थांबता चढतो आणि म्हणतो मी एकदम फिट आहे. घरी सासूबाई आहेत, वय ७८, दोन्ही डोस झालेत त्यांचे, तरी परत येताना आपण काही घेऊन आलो तर ही भीती डोक्यातून जात नाही. तुम्ही असता तर बाकीचे पैसे भरले असते का?

खारंवारं (ठाणे), २ डिसेंबर २०२१

ताई, आधी विमानाचं. काल जे पुढे ढकललं ते नेहमीच्या शेड्यूल्ड विमानांचं. मालदीवशी आपला एअर बबल, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून चालवलेल्या विमानांचा करार, गेल्या वर्षीपासून आहे आणि मुंबई-माले त्यातच चालू आहे, त्यामुळे फक्त कालच्या निर्णयामुळे तुमची फ्लाइट रद्द होणार नाही. मी ऑक्टोबरमध्ये जाऊन आलो. जाताना निघण्याआधी ९६ तासांच्या आतला पीसीआर आणि २४ तासांच्या आत इमुगा, म्हणजे मालदीवचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म, एवढं असलं की माले विमानतळावर काही अडत नाही.

अडचण परतीची आहे आणि ती नीट समजून घ्या. भारतात यायला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर टाकावा लागतो, म्हणजे स्वॅब बोटीवरच द्यायचा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी निदान १८ तास जायला हवेत, तेवढ्यात रिपोर्ट येतो, म्हणजे वेळेचं गणित बसतं. पण चौघांत एकाचा जरी पॉझिटिव्ह आला तरी तो तिकडेच आयसोलेट, त्याच्या केबिनमधला जोडीदार क्वारंटाइन, आणि बोटीवर सगळे एकाच टेबलावर जेवतात म्हणजे बाकीच्यांचंही खरं नाही. तो खर्च, नवीन तिकिटं, ऑफिसची वाढीव रजा हे झेपणार असेल तरच जायचं असं माझं स्पष्ट मत आहे. सीमा उघडी आहे का हा प्रश्न त्याच्या नंतरचा. त्यात केंद्राचे नियम वेगळे आणि महाराष्ट्राने परवा काढलेले वेगळे, मुंबईत उतरल्यावर कुठला लागू होईल हे आज कोणीच सांगू शकत नाही.

पैशांचं म्हणाल तर उरलेली रक्कम भरायच्या आधी बोटवाल्याकडून मेलवर तीन गोष्टी लिहून घ्या. मालदीवने बंद केलं तर काय, तुमच्यापैकी कोणी निघायच्या आधी पॉझिटिव्ह आलं तर काय, आणि भारत सरकारने परतीवर सक्तीचा क्वारंटाइन लावला तर काय. पहिल्यात बहुतेक सगळे तारीख बदलून देतात. दुसऱ्या तिसऱ्यात हात वर करतात आणि आत्ता धोका त्या दोन्हींचाच जास्त आहे. फोनवरच्या 'मॅडम काळजी करू नका' वर भरवसा ठेवू नका.

आणि हो, कोविन सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडून घ्या, नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं.

डॉ. भरतीओहोटी (नाशिक), ३ डिसेंबर २०२१

मी छातीविकारांची डॉक्टर आहे आणि स्वतः डाइव्ह करते, म्हणून तुमच्या यजमानांबद्दल कळकळीने लिहितेय. सिंहगड चढता येतो ही चांगलीच गोष्ट आहे पण त्याने फक्त स्टॅमिना कळतो. ऑक्सिजन लागलेल्या कोविडनंतर फुप्फुसात कुठेकुठे व्रण राहू शकतात, एखाद्या भागात हवा अडकून राहू शकते, आणि जमिनीवर त्याचा काही त्रास जाणवत नाही. पाण्यात १० मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथून वर येताना छातीतली हवा दुप्पट जागा मागते. अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. त्यासाठी खोल जायची पण गरज नाही, शेवटच्या १० मीटरातच हा फरक सगळ्यात मोठा असतो.

त्यामुळे छातीचा सीटी, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी), ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिलवर चालताना ऑक्सिजन किती राहतो हे बघून घ्या. हृदयाची तपासणी टाळू नका, कोविडमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. ऍडमिट असताना स्टेरॉइड दिले होते का तेही बघा, दिले असतील आणि खुब्यात किंवा मांडीत दुखत असेल तर आधी एमआरआय. दुसऱ्या लाटेनंतर रक्तपुरवठा कमी पडून खुब्याचं हाड खराब झाल्याच्या केसेस आपल्याकडे दिसतायत आणि खोल डायव्हिंगचाही हाडांवर तसाच परिणाम होऊ शकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅनचा सल्ला पण असाच आहे, आजार जितका मोठा तितक्या तपासण्या जास्त.

बोटीवर मेडिकल फॉर्म भरून घेतात त्यात फुप्फुसाच्या प्रश्नाला सरळ 'हो' लिहा आणि डॉक्टरांची सही घेऊन जा. 'नाही' लिहून पाण्यात उतरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण खाली काही झालं तर वर आणायला बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदारच जातो आणि त्याचाही जीव धोक्यात येतो.

नेवीब्लू (दुबई), ३ डिसेंबर २०२१

मी म्हणेन जा. दीड वर्ष आपण सगळे पुढेच ढकलतोय. जानेवारीत तिकडे ईशान्य वारे असतात, चॅनेलमधून स्वच्छ पाणी आत येतं, दक्षिण आरीला व्हेल शार्क दिसायची चांगली शक्यता. दोन डोस झालेत, मास्क लावा, बोटीवर मोकळी हवाच असते. मात्र डॉक्टरताई म्हणतात त्या तपासण्या करूनच.

मालवणकर, ६ डिसेंबर २०२१

परवा डोंबिवलीत ओमिक्रॉनचा पेशंट सापडला, तेव्हा जानेवारीपर्यंत नियम बदलणार हे धरूनच चाला.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. डायव्हिंग अपघाताचा विमा वेगळा आणि प्रवासाचा वेगळा. पहिल्यात चेंबरचा, म्हणजे डायव्हिंगच्या त्रासावर दाबाखाली उपचार करतात त्या खोलीचा खर्च, पेशंटला हलवायचा खर्च येतो. कोविडमुळे ट्रिप रद्द झाली, क्वारंटाइनचं हॉटेल लागलं, हे त्यात येत नाही, त्याला प्रवास विमा लागतो आणि त्यातही कोविड स्पष्ट लिहिलेला पाहिजे. लोक एकच घेतात आणि समजतात सगळं झालं.

आणि वहिनी, पाण्यात जायचंच असेल तर आमच्या मालवणजवळ तारकर्ली आहे, कर्नाटकात मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट आहे. मालदीवची सर येणार नाही हे मी इथला असून मान्य करतो, पाणी तेवढं साफ नसतं. पण तौक्ते वादळाने मे महिन्यात इथल्या बोटींचं फार नुकसान केलंय, त्याआधी लॉकडाऊन, पोरांना काम पाहिजे. आणि काही झालंच तर गाडीत बसून तुम्ही रात्री पुण्यात.

प्रवाळवेडी (पुणे), ९ जानेवारी २०२२

सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते सांगते. बोटवाल्याला ते तीन प्रश्न पाठवले. पहिल्याला लगेच हो आलं, दुसऱ्याला बरीच मेलामेली करून 'रिपोर्ट दाखवला तर तारीख बदलू', तिसऱ्याला सरळ नाही. म्हणून उरलेले पैसे भरले नाहीत आणि डिसेंबरमध्येच ट्रिप नोव्हेंबरवर नेली, थोडा फरक भरावा लागला. आता परवापासून बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना ७ दिवस घरी क्वारंटाइन आणि आठव्या दिवशी टेस्ट, म्हणजे आमच्या दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंसोबत ते कसं पाळलं असतं माहीत नाही. नेवीब्लू, तुमचं म्हणणं मनाला पटत होतं हो, पण हे घर बघता जमण्यासारखं नव्हतं.

नवऱ्याच्या तपासण्या झाल्या. स्पायरोमेट्री आणि इको चांगले आहेत, सीटीमध्ये उजव्या फुप्फुसात खाली थोडे व्रण आहेत. इथल्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत सीटी करायला सांगितलाय आणि तोपर्यंत डायव्हिंग बंद. तो दोन दिवस गप्प होता, पण सीटीची फिल्म स्वतः बघितल्यावर मानला. डॉक्टरताई, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही सिंहगडावरच समाधान मानलं असतं.

मालवणकर दादा, एप्रिलमध्ये रिपोर्ट चांगला आला तर तारकर्लीला येऊ. त्याच्यासोबत एकटा इन्स्ट्रक्टर हवाय, १० मीटरच्या आत राहणारा आणि अगदी सावकाश वर आणणारा. मिळेल का?

मालवणकर, ९ जानेवारी २०२२

मिळेल वहिनी, मीच उतरेन त्यांच्याबरोबर. डॉक्टरांचं पत्र आणि नवीन सीटीचा रिपोर्ट घेऊन या. मे उजाडायच्या आत या, नंतर समुद्र खवळायला लागतो आणि बोटी वर ओढतात.