हॅम्बुर्गला एक टर्म लॉ एक्स्चेंज मिळतंय, जाऊ का?

श्रीरामपूरची_पोरगी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा आणि खरं खरं सांगा. मी पुण्यात एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीए एलएलबीला आहे, आता चौथं वर्ष सुरू होईल. एक्स्चेंजसाठी माझं नाव लागलंय, जर्मनीत हॅम्बुर्गला, बुत्सेरिउस लॉ स्कूल, सप्टेंबर ते डिसेंबर. शिकवणं इंग्रजीतून, तिथली फी नाही, इथली भरायची तेवढीच. पण राहणं, खाणं, विमान सगळं आपलं. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरोच्या हिशोबाने पैसे दाखवावे लागतात म्हणजे महिन्याला लाखाच्या घरात गेलं, आणि माझ्या बाबांचं किराणा दुकान आहे, ते फक्त "तू ठरव, पैशाचं मी बघतो" एवढंच म्हणतात आणि त्यानेच मला जास्त टेन्शन येतं. आई म्हणते चार महिन्यांत तिकडचा कायदा शिकून इथे कोर्टात काय उपयोग, त्यापेक्षा मुंबईत चांगल्या सीनिअरकडे इंटर्नशिप कर. तिचंही चूक वाटत नाही.

दुसरं म्हणजे आमची सेमिस्टरची परीक्षा नोव्हेंबरात असते आणि मी तेव्हा तिकडे. क्रेडिट ट्रान्सफर होतील, म्हणजे तिकडचे विषय इथे धरले जातील, असं ऑफिसात तोंडी सांगितलंय, पण वर्ष वाया जाऊ शकतं असं एक सीनिअर म्हणाला. जे कोणी जाऊन आलेत त्यांनी सांगा ना, नक्की काय मिळालं? पंधरा दिवसांत होकार कळवायचाय.

एल्बेकाठी

अगं आधी अभिनंदन! मी २०१९ ला हॅम्बुर्गलाच होते एका टर्मसाठी, आता मुंबईत नोकरी करते, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आईचा प्रश्न मी आधी घेते कारण माझ्या आईचाही तोच होता. तिथला कायदा इथे वापरायचा नसतोच गं. पहिल्याच आठवड्यात आम्हाला वर्गात विचारलं, सकाळी बेकरीत जाऊन एक ब्रोटशन घेतलं, म्हणजे तो छोटा गोल पाव, नाणी दिली आणि बाहेर आलात, तर किती करार झाले? मी म्हटलं एक. तिकडे तीन! एक देण्याघेण्याचं ठरवण्याचा, दुसरा पावाची मालकी माझ्याकडे देण्याचा, तिसरा नाण्यांची मालकी बेकरीवाल्या बाईंकडे देण्याचा. त्यांचा सिव्हिल कोड म्हणजे बीजीबी, १ जानेवारी १९०० पासून लागू आहे, त्यात विक्रीचा करार कलम ४३३ मध्ये आणि मालकी देणं वेगळंच, कलम ९२९ मध्ये, आणि पहिला करार रद्द ठरला तरी दुसरा आपोआप रद्द होत नाही, मग दिलेली वस्तू परत मागायला वेगळा रस्ता धरावा लागतो. आणि कन्सिडरेशन, म्हणजे करारातला मोबदला, तो तर लागतच नाही. आपल्या करार कायद्यातले कलम २५ चे अपवाद सोडले तर कन्सिडरेशनशिवाय करार नाही हे मी पहिल्या वर्षापासून घोकलेलं, १८७२ चा आपला कायदा म्हणजे जगाची रीत असंच डोक्यात होतं, आणि इथे एक अख्खा देश त्याच्याशिवाय शंभर वर्षांहून जास्त व्यवहार करतोय. त्या दिवशी होस्टेलवर परत येताना मी पुन्हा त्या बेकरीसमोर पाच मिनिटं नुसती उभी राहिले होते. परत आल्यावर मी तोच आपला कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट वाचला तर प्रत्येक कलमाला "हे असंच का?" असा प्रश्न पडायला लागला, आणि आज कामात मला सगळ्यात जास्त तोच प्रश्न उपयोगी पडतो. हे इंटर्नशिपमध्ये मिळालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आवर्जून कर, तिथल्या कोर्टात जाऊन मागे बस. सुनावण्या सहसा खुल्या असतात. मी झीव्हेकिंगप्लात्झला जायचे, तिथे मुख्य कोर्टं एका चौकाभोवती आहेत. भाषा कळत नव्हती, जर्मन मैत्रीण कानात सांगायची. आपल्याकडे सरतपास, उलटतपास सगळं वकिलांच्या हातात, तिकडे सिव्हिल केसमध्ये साक्षीदाराला आधी जजच विचारतात, शांतपणे, समोरासमोर बसून, आणि मग हातातल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सगळ्यांदेखत डिक्टेट करतात. ते बघून मला एकदम आपल्या कोर्टातले जजसाहेब स्टेनोला जबाब सांगतात ते आठवलं, तेवढंच काय ते सारखं वाटलं.

लायब्ररीत बघशील, कायद्यांचा एक लालभडक विटेएवढा बाइंडर सगळ्यांच्या टेबलावर असतो. सुट्टी पानं असतात त्यात, कायदा बदलला की नवीन पानं येतात आणि मुलं तासभर बसून जुनी काढून नवी घालतात. आपण दरवर्षी अप्पा बळवंत चौकात जाऊन नुसत्या कलमांचं पुस्तक, म्हणजे नवा बेअर अ‍ॅक्ट आणतो तसं नाही. मी होते तेव्हा त्यावर मूळ संपादक श्योनफेल्डर याचं नाव होतं, तो माणूस नाझी पक्षाचा म्हणून २०२१ मध्ये प्रकाशकाने ते काढून हाबरझाक केलं. आणि तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात, पहिल्या दिवशी दचकायला होतं.

आता वाईट भाग. माझ्या कॉलेजने पण "होऊन जाईल" असं तोंडीच सांगितलेलं. परत आले तर परीक्षा विभाग म्हणे तुमचे दोन विषय आमच्या कुठल्याच विषयाशी जुळत नाहीत. मग दोन केटी असल्यासारखे दोन पेपर ज्युनिअर्सबरोबर मे महिन्यात दिले, तेव्हाच इंटर्नशिपही चालू होती, फार रडले मी त्या महिन्यात. म्हणून हात जोडून सांगते, तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाऐवजी धरणार याचा तक्ता करून डीन आणि परीक्षा विभाग दोघांची सही-शिक्का घे. मेलवर "येस, ओके" आलं म्हणून गप्प बसू नको. तिकीट त्यानंतरच काढ.

काळा_कोट_संभाजीनगर

वरच्या ताईंचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. त्यात भर म्हणून, बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७०% हजेरी आहे, तेव्हा तिकडची हजेरी इकडे धरली जाणार हेही त्याच कागदावर लिहून घ्या. बाकी डिग्री तुमच्याच विद्यापीठाची राहते त्यामुळे परदेशी डिग्रीवाल्यांची ती वेगळी परीक्षा तुम्हाला लागू नाही, सनद आणि एआयबीई (वकिलीची अखिल भारतीय परीक्षा) सगळ्यांसारखंच.

मी खंडपीठात अठरा वर्षं प्रॅक्टिस करतो, कधी परदेशी गेलो नाही. आमच्याकडे ज्युनिअर घेताना एक्स्चेंज केलं का असं कुणी विचारत नाही हे खरं आहे, आणि आईंचं म्हणणं त्या बाजूने बरोबर आहे. पण मी तरी जा असंच म्हणेन आणि कारण सांगतो. आपण मूलभूत चौकट मूलभूत चौकट म्हणतो, म्हणजे घटनेचा जो गाभा संसदेलाही दुरुस्तीने मोडता येत नाही, केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, तेरा जज, सात विरुद्ध सहा, पालखीवाला उभे होते, हे सगळं पाठ असतं. पण हा विचार आपल्याकडे आला कसा? हायडेलबर्गचे डीटर कॉनराड नावाचे जर्मन अभ्यासक १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान द्यायला आले होते. त्यांनी विचारलं, घटनादुरुस्तीचा अधिकार वापरून उद्या जगण्याचा हक्क देणारं कलम २१ काढून टाकता येईल का, मोगल बादशाही परत आणता येईल का? त्यांच्या देशाने हिटलरच्या आधीची वायमारची घटना आतून पोखरली जाताना पाहिली होती, म्हणून १९४९ च्या त्यांच्या घटनेत कलम ७९(३) आहे, काही गोष्टींना दुरुस्तीने हात लावता येत नाही. तो मुद्दा वकील एम. के. नंबियार यांनी सुप्रीम कोर्टात गोलकनाथ खटल्यात मांडला आणि पुढे १९७३ ला आपल्या कोर्टाने तो आपल्या पद्धतीने उभा केला. म्हणजे एक माणूस दुसऱ्या देशात व्याख्यानाला गेला, त्याची फळं आपण अजून खातोय. मला विद्यार्थीदशेत हे कुणी सांगितलं नाही, वकिली सुरू केल्यावर वाचनात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तुम्हाला तिथे जाऊन त्यांच्या घटनेचा तास करायला मिळतोय, सोडू नका.

पैशाचं मात्र जपून. व्याजाने काढून जाऊ नका. बाबा स्वतःहून म्हणतायत तर दुकानाच्या भांडवलाला हात न लावता होतंय का हे एकदा समोर बसून विचारा, त्यांना विचारलेलं आवडेल.

म्हापशेकर

हॅम्बुर्गचं मला माहीत नाही पण एक सांगतो. आमच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडचा वारसा अजून चालतो. आजी गेली तेव्हा घराची वाटणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगने, म्हणजे मालमत्तेची यादी करून, झाली, आणि मृत्युपत्र केलं तरी साधारण अर्धी मालमत्ता हक्काच्या वारसांना ठेवावीच लागते, मुलीला वगळता येत नाही. मुंबईत लॉ शिकताना वर्गात हे सांगितलं की सगळे चमकून बघायचे. युरोपात गेल्यावर मात्र लोकांना ते ओळखीचं वाटतं, जर्मनीतही मुलांना मृत्युपत्रातून वगळलं तर कायद्याने ठरलेल्या वाट्याच्या अर्धी किंमत पैशात मागता येते. तर वेळ मिळाला तर वारसा हक्काचा विषय घे, आणि त्याआधी गोव्याचा वाचून जा. तिकडे कुणी इंडियन लॉ म्हणजे काय विचारलं की आपण फक्त इंग्रजांचा कायदा सांगतो, आपल्याच देशात दुसराही आहे हे सांग.

फ्रँकफर्टची_मावशी

कायद्यातलं मला कळत नाही बाळा, बावीस वर्षं इथे राहते म्हणून घरातल्या चार गोष्टी सांगते. खोली मिळाली की दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो देणार का हे भाडं ठरवतानाच विचार. देत नसेल तर ती खोली घेऊ नको, कितीही स्वस्त असो. आणि लेटरबॉक्सवर तुझं नाव पहिल्याच दिवशी चिकटव. इथे बँकेचं, इन्शुरन्सचं सगळं टपालाने येतं आणि नाव दिसलं नाही की पोस्टमन परत घेऊन जातो. माझ्याकडे राहिलेल्या एका मुलीचं इन्शुरन्सचं पत्र असंच दोनदा परत गेलं.

आईला सांग तूप, पेढे, बर्फी काही बांधून द्यायचं नाही, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, जीव तुटतो बघून. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, लाडू तेलातले आणले तर चालतं. रविवारी दुकानं बंद असतात तर शनिवारीच दूध-भाजी आणून ठेव. आणि हॅम्बुर्गला डिसेंबरात चारला अंधार पडतो, पाऊस असतो, दिवाळीच्या सुमारास फार एकटं वाटतं, तेव्हा खोलीत बसू नको, कुणाला तरी जेवायला बोलव आणि फोन मात्र रोज कर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास मागे जातं, मग आपल्यात साडेचार तासांचा फरक होतो, आईला आधीच सांगून ठेव म्हणजे फोन उशिरा आला की घाबरणार नाही.

श्रीरामपूरची_पोरगी

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री दोनदा वाचलं सगळं. आज ऑफिसात जाऊन तक्ता मागितला, आधी म्हणाले एवढी गरज नसते, मग मी बसूनच राहिले तर मॅडमनी फॉर्म काढून दिला. चार विषय जुळले, एकाचं अजून परीक्षा विभागाकडून यायचंय. ते आल्याशिवाय होकार देत नाही.

शनिवारी घरी गेले होते. बाबांना पावाचं सांगितलं तीन करारांचं. ते गिऱ्हाइकाची साखर तोलत होते, थांबले आणि म्हणाले, म्हणजे मी उधारीवर माल दिला आणि समोरच्याने पैसे बुडवले तर तिकडे माल माझाच राहतो का? मला उत्तर देता आलं नाही. एल्बेकाठी ताई सांगाल का? आणि भांडवलाचं विचारलं वकीलसाहेब, दिवाळीच्या मालाचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याला हात लावणार नाहीत म्हणाले.

एल्बेकाठी

किती सुंदर प्रश्न विचारलाय बाबांनी! नुसतं उधारीवर दिलं आणि हातात दिलं की मालकी तिकडेही गेलीच. पण देतानाच ठरवलं असेल की शेवटचा पैसा मिळेपर्यंत मालकी माझी, तर त्यांची राहते, बीजीबी कलम ४४९, जर्मनीतले होलसेलवाले सर्रास हे लिहून घेतात. आपल्याकडेही १९३० च्या सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टमध्ये मालकी कधी जाणार हे दोघांच्या ठरवण्यावर आहे, कलम १९ आणि २५ बघ. न ठरवता साखर तोलून गिऱ्हाइकाच्या हातात दिली की मालकी त्याची, बाबांचा हक्क उरतो फक्त पैशाचा. आणि समोरच्याने त्या साखरेचे लाडू वळले तर? तिकडे कलम ९५० आहे, नवीन वस्तू झाली की सहसा ती बनवणाऱ्याची. बाबांना हे सांग आणि पुढे काय विचारतात ते मला कळव.

श्रीरामपूरची_पोरगी

आत्ताच फोनवर सांगितलं. म्हणाले, लाडू बिघडले तरी का?